युद्धाचे नकाशे काढणाऱ्या या थिंक टँकवाल्यांचं सरकार खरंच ऐकतं का?

नाशिकचा_चहाबाज

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारून टाकतो. युक्रेनचं युद्ध मी रोज नाही पण बऱ्यापैकी फॉलो करतो, आणि कुठलीही बातमी उघडा, तो एक नकाशा असतोच ज्यात रशियाच्या ताब्यातला भाग लाल-गुलाबी रंगवलेला असतो आणि कोपऱ्यात इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर असं नाव. मग खाली 'आयएसडब्ल्यूच्या मते', 'रुसीच्या अहवालानुसार', 'सीएसआयएसच्या तज्ज्ञांनी सांगितलं' (पहिली ती नकाशावालीच, रुसी लंडनची, सीएसआयएस वॉशिंग्टनची; सगळ्या थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ले देणाऱ्या संस्था). हे तज्ज्ञ सरकारात नाहीत, सैन्यात नाहीत (बरेचसे निवृत्त आहेत म्हणे), निवडून तर अजिबातच आलेले नाहीत. मग यांना विचारतं कोण, आणि यांच्या म्हणण्यानं युद्ध चालू असताना कुणाचा निर्णय खरोखर बदललाय का कधी? की चॅनेलवाल्यांना पाहुणे पुरवायचं काम नुसतं?

आमच्या ऑफिसात यावरून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते हे सगळे शस्त्रकंपन्यांचे भाट, दुसरी म्हणते अमेरिकेत खरं धोरण हेच लोक ठरवतात, मंत्री फक्त सही करतात. मला दोन्ही अतीच वाटतं. कुणाला खरी उदाहरणं माहीत असतील तर लिहा, नुसती मतं नकोत, मतं माझ्याकडंच भरपूर आहेत.

कात्रणवाला

चहाबाज, तुम्ही ज्या नकाशाचं म्हणताय ती संस्था मुळात जन्माला कशी आली ते बघितलं की निम्मं उत्तर मिळतं, म्हणून जरा लांबण लावतो.

२००६ चा शेवट. इराकमध्ये शिया-सुन्नी कत्तली चालू, नोव्हेंबरच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बुशचा पक्ष सपशेल आपटला, दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्डला नारळ. ६ डिसेंबरला बेकर आणि हॅमिल्टन यांच्या इराक स्टडी ग्रुपचा रिपोर्ट आला, ७९ शिफारशी, दोन्ही पक्षांचे वजनदार लोक, मागे युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस आणि सीएसआयएससारख्या संस्थांची सगळी यंत्रणा. सांगणं काय, तर २००८ च्या सुरुवातीपर्यंत लढाऊ ब्रिगेड बाहेर काढायच्या दिशेनं चला आणि इराण-सीरियाशी बोलणी करा. वॉशिंग्टनमध्ये बहुतेकांना वाटलं की झालं, आता हेच होणार.

त्याच सुमारास अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट या थिंक टँकमध्ये फ्रेडरिक केगन नावाचा लष्करी इतिहासकार (आधी वेस्ट पॉइंटला शिकवायचा) काही माणसं घेऊन बसला. त्यात इराकमधल्या तल अफरला प्रत्यक्ष काम करून आलेले अधिकारी होते. गुप्त कागद एकही नाही, सगळी उघड मिळणारी माहिती. बगदादचे नकाशे पसरायचे, कुठल्या वस्तीत लोक किती, तिथं रोज पायी गस्त घालायची आणि रात्री तिथंच राहायचं तर बटालियन किती लागतील, आणि मुख्य म्हणजे एवढं सैन्य अमेरिकेकडं पाठवायला शिल्लक आहे का, कुठली ब्रिगेड कधी परत येणार, कुठलीचा मुक्काम लांबवता येईल, हा सगळा हिशेब. त्यातून आकडा निघाला की पाच ब्रिगेड बगदादला आणि अन्बार प्रांतात वेगळे मरीन.

११ डिसेंबरला निवृत्त जनरल जॅक कीन आणखी चार जणांबरोबर ओव्हल ऑफिसात बुशसमोर. नंतर कीन आणि केगन उपाध्यक्ष चेनींनाही भेटले. आणि १० जानेवारी २००७ ला बुशनं टीव्हीवर येऊन जाहीर केलं, वीस हजारांच्या वर जादा सैनिक, पाच ब्रिगेड बगदादला, चार हजार मरीन अन्बारला. ज्याला पुढं 'सर्ज' म्हणायला लागले तो हा.

पण म्हणून लगेच 'बघा, थिंक टँकनं धोरण ठरवलं' असं म्हणायला जाऊ नका. व्हाइट हाउसच्या आतच नॅशनल सिक्युरिटी काउन्सिलची माणसं तेव्हा सैन्य वाढवायच्या पर्यायावर काम करत होती, बुशच्याही मनात तेच होतं. अडचण अशी की इराकमधला कमांडर जनरल केसी विरोधात आणि पेंटॅगॉनमधले सेनाप्रमुखही नाखूश. राष्ट्राध्यक्षाला आपल्याच सेनापतींना डावलायचं तर हातात आकडेवारीसकट काहीतरी पाहिजे, आणि कुणीतरी चार तारेवाल्यानं 'होय, जमतंय' म्हटलेलं पाहिजे. ते या लोकांनी पुरवलं. एकाच महिन्यात टेबलावर दोन कागद, ज्याच्या मागं दोन्ही पक्ष उभे होते तो फडताळात आणि जो साहेबांच्या मनातलं बोलत होता तो अमलात.

सर्ज यशस्वी झाला का यावर अजून हाणामारी चालते. २००७ हे अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूंच्या बाबतीत इराकमधलं सगळ्यात वाईट वर्ष ठरलं, नंतर हिंसा खूप खाली आली, पण त्यात अन्बारच्या सुन्नी टोळ्यांनी अल कायदाकडं फिरवलेली पाठ आणि शिया मिलिशियावाल्या मुक्तदा सद्रची शस्त्रसंधी यांचा वाटा किती ते प्रत्येक जण आपल्या सोयीनं सांगतो.

आता तुमचा नकाशा. या केगनची पत्नी किंबर्ली केगन, तीही लष्करी इतिहासाचीच, तिनं २००७ मध्येच आयएसडब्ल्यू काढली, सर्ज चालू असताना त्याचा रोजचा मागोवा घ्यायला. युक्रेनचे नकाशे ही त्याच कामाची पुढची आवृत्ती.

बिनपगारी_संशयी

वा कात्रणवाले, पण गोड गोड भाग तेवढा सांगितलात. पुढचा मी सांगतो. २०१०-११ मध्ये अमेरिकन जनरल पेट्रेयस काबूलला कमांडर असताना हे केगन नवरा-बायको महिनोन्‌महिने तिथंच मुक्कामाला. हेडक्वार्टरमध्ये टेबल, लष्कराचा ईमेल, गुप्त रिपोर्ट बघायची परवानगी, आणि सरकारी पगार शून्य, स्वयंसेवक म्हणे! डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं हे सगळं सविस्तर छापलं. पगार त्यांच्या आपापल्या संस्था देत होत्या आणि आयएसडब्ल्यूच्या देणगीदारांत डिफेन्स कॉन्ट्रॅक्टर होते. मग तिथून आलेल्या माणसानं पेपरात लेख लिहायचा की मोहीम अजून जोरात चालवा, आणि वाचणाऱ्याला वाटायचं तटस्थ अभ्यासक बोलतोय.

युक्रेनचंही घ्या. क्विन्सी इन्स्टिट्यूटनं जून २०२३ मध्ये मोजून काढलं की अमेरिकेतल्या मोठ्या माध्यमांत युक्रेनच्या लष्करी मदतीबद्दल थिंक टँकवाल्यांचा जेवढा हवाला दिला गेला त्यातले ८५ टक्के हवाले शस्त्रकंपन्यांचा पैसा घेणाऱ्या संस्थांचे होते. आणि बातमीत तो पैशाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. तिथं थिंक टँकला देणगीदारांची नावं जाहीर करायची सक्ती कायद्यानं नाही. चहाबाजांच्या ऑफिसातली पहिली पार्टी बरोबर आहे, माझं मत त्यांना.

तोफखाना_प्रेमी

संशयीराव, ८५ टक्क्याचा आकडा खरा, पण मग क्विन्सीबद्दलही सांगा ना. २०१९ मध्ये सोरोस आणि कोक या दोन विरुद्ध टोकांच्या अब्जाधीशांच्या पैशातून निघालेली संस्था, आणि अमेरिकेनं बाहेरची युद्धं कमी करावीत हा तिचा उघड अजेंडा. म्हणजे आकडा खोटा ठरत नाही, पण मोजायला बसलेला माणूसही तराजूच्या एका बाजूला उभा आहे एवढं लक्षात असू द्या.

आणि पैसा घेतला म्हणजे निष्कर्ष विकला असं सरसकट होत नाही. रँड कॉर्पोरेशन घ्या. १९४८ पासून स्वतंत्र संस्था असली तरी तिचं पोट पहिल्यापासून अमेरिकन सरकारवर, त्यातही हवाई दल, लष्कर यांच्या कामावर. त्याच रँडमधून सॅम्युअल चॅराप आणि मिरांडा प्रीब यांनी जानेवारी २०२३ मध्ये पेपर काढला की युद्ध लांबणं हे अमेरिकेच्या हिताचं नाही, युक्रेननं आणखी जमीन परत मिळवण्याच्या फायद्यापेक्षा लांबलेल्या युद्धाचा धोका मोठा, तेव्हा वाटाघाटींची तयारी आतापासून करा. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये वारं नेमकं उलट होतं, सगळे उन्हाळ्यातल्या प्रतिहल्ल्याच्या तयारीत. चॅराप साहेबांना लोकांनी धू धू धुतलं. पॉलिसी बदलली का? नाही. पण निदान चर्चेत तो पर्याय कागदावर आला, आणि आणला तो पेंटॅगॉनच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलं ते दारूगोळ्याचं प्रकरण. जून २०२२ मध्ये रुसीनं (लंडनची, १८३१ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टननं काढलेली, म्हणजे आपल्या पेशवाईचा शेवट होऊन जेमतेम तेरा वर्षं झालेली) अॅलेक्स व्हर्शिनिन या निवृत्त अमेरिकन अधिकाऱ्याचा छोटासा लेख छापला. मुद्दा एकच: अमेरिका वर्षभरात जेवढे तोफगोळे बनवते तेवढे युक्रेनमध्ये फार तर दहा दिवस ते दोन आठवडे पुरतील. तेव्हा १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांचं अमेरिकन उत्पादन महिन्याला १४,००० च्या आसपास होतं. सगळे टीव्हीवर जॅव्हलिन (रणगाडाफोड क्षेपणास्त्र) आणि ड्रोन करत होते आणि हा माणूस कारखान्याचा हिशेब मांडत होता. मग रुसीचेच जॅक वॉटलिंग आणि निक रेनॉल्ड्स युक्रेनला जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलून रिपोर्ट काढायला लागले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सीएसआयएसनं तैवानच्या युद्धाचा वॉरगेम २४ वेळा खेळून सांगितलं की जहाजं बुडवायची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं पहिल्या आठवड्यातच संपतात. पुढं गोळ्यांचं उत्पादन वाढवायला अमेरिकेत आणि युरोपात पैसा ओतला गेला. तो या लेखांमुळंच गेला असं मी म्हणणार नाही, युक्रेनची मागणीच तशी होती. पण खासदारांच्या तोंडात आकडे कुठून आले ते उघड आहे.

(हो, आणि क्षेपणास्त्रं कमी पडतात हे सांगणाऱ्या सीएसआयएसला क्षेपणास्त्र बनवणारे देणगी देतात, संशयीराव, तुम्ही टाइप करायच्या आत मीच लिहितो.)

बिनपगारी_संशयी

टाइप करतच होतो 😄

नाशिकचा_चहाबाज

जबरदस्त माहिती राव. सर्जचं प्रकरण मला असं माहीतच नव्हतं. आता पुढचं: आपल्याकडं काय? मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्या चॅनेलांनी कराची बंदर उडवल्याच्या ज्या खोट्या बातम्या चालवल्या ते सगळ्यांनी बघितलंय, शेवटी सायरनचे आवाज कार्यक्रमात वाजवू नका असं सरकारला सांगावं लागलं. ते सोडून, पॅनेलवरच्या मिशा सोडून, भारतात असं कधी झालंय का की युद्धाच्या तोंडावर एखाद्या संस्थेतल्या अभ्यासकानं वाद पेटवला आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली?

कराडकर_काका

झालंय की. १९७१.

आधी संस्थेचं सांगतो कारण त्यात आमच्या गावचा संबंध आहे. बासष्टला चीनकडून मार खाल्ल्यावर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे सगळं पाठ आहे आपल्याला. पण त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन दोन महिने होत नाहीत तोच दिल्लीत इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अॅनालिसिस, म्हणजे आयडीएसए, उभी राहिली, हे कुणी भाषणात सांगत नाही. त्याआधी आपल्याकडं म्हणायला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन होती, १८७० ची, सिमल्यात इंग्रज अधिकाऱ्यानं काढलेली. पण नागरी माणसांनी बसून युद्धाचा अभ्यास करायचा ही सोय आयडीएसएनं केली. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे, म्हणजे सुरुवात कराडकरानं करून नाव गोयंकाराचं लागलं.

१९६८ पासून तिथं संचालक के. सुब्रह्मण्यम. आयएएस अधिकारी, आत्ताचे परराष्ट्रमंत्री जयशंकर त्यांचे चिरंजीव. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं कत्तल सुरू केली. आठवडाही झाला नव्हता, ३१ मार्चला दिल्लीत इंडियन काउन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या परिसंवादात हे गृहस्थ उभे राहिले आणि सरळ म्हणाले की पाकिस्तान फुटणं आपल्या हिताचं आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. त्याच दिवशी संसदेनं पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंब्याचा ठराव केला होता, अगदी तोलून मापून शब्द वापरून. आणि इकडं सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा संचालक असं बोलतोय! दुसऱ्या दिवशी पेपरात. सुब्रह्मण्यम यांचं म्हणणं नुसतं भाषणबाजी नव्हतं, निर्वासितांचा लोंढा सांभाळत बसण्याचा खर्च आणि छोट्या युद्धाचा खर्च यांची तुलना त्यांनी टिपणात मांडली, उशीर केला तर जगाचं लक्ष उडेल आणि चळवळ जहाल लोकांच्या हातात जाईल, असा सगळा युक्तिवाद.

सरकारनं काय केलं? लगेच काहीही नाही. इंदिराबाई आणि त्यांचे सल्लागार हक्सर यांचा हिशेब वेगळा होता. सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर, जगात कुणी पाठीशी नाही. ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला, इंदिराबाई युरोप-अमेरिका फिरून आल्या, तोवर निर्वासित एक कोटीच्या घरात. युद्ध डिसेंबरात, बांगलादेशला मान्यता ६ डिसेंबरला. म्हणजे दिशा सुब्रह्मण्यम यांनी सांगितली तीच, वेळ मात्र त्यांची नाही. एप्रिलमध्येच घुसलो असतो तर लवकर सुटलो असतो का चिखलात अडकलो असतो यावर आमच्या वेळचे फौजी अजूनही भांडतात. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा, पूर्व बंगालच्या नद्या पावसाळ्यात कशा असतात ते नकाशावर दिसत नाही.

मेघना_वाचते

काका, सुंदर लिहिलंय. एक जोडते. त्या ३१ मार्चच्या वाक्याचा सगळ्यात जास्त उपयोग भारत सरकारनं केलाच नाही, तो केला पाकिस्ताननं. बघा, यांचाच माणूस कबूल करतोय की सगळा भारताचा कट, हे तिकडं आजतागायत चालू आहे. दिल्ली बिचारी सगळ्या जगाला सांगत होती की आम्हाला फक्त निर्वासितांची काळजी आहे, आणि हातात हे कात्रण! रँडचं तसंच झालं. २०१९ मध्ये त्यांनी रशियावर ताण कसा आणता येईल याचे पर्याय तपासणारा रिपोर्ट काढला, त्यात युक्रेनला शस्त्रं देणं हा एक पर्याय होता आणि त्याचे धोकेही त्यातच लिहिलेले. २०२२ नंतर रशियन प्रचारात तो 'बघा अमेरिकेचा मूळ आराखडा' म्हणून फिरतोय, धोक्यांची पानं गाळून. संस्थेनं 'पर्याय तपासला' आणि सरकारनं 'योजना केली' यातला फरक शत्रूला सोयीचा नसतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या चॅनेललाही नसतो.

दुसरं म्हणजे 'सुब्रह्मण्यम स्वतंत्र बोलले' हे थोडं जपून. आयडीएसएला पैसा संरक्षण मंत्रालयाचा, अध्यक्ष परंपरेनं संरक्षणमंत्री. असं असून ते बोलू शकले हे त्यांचं मोठेपण, संस्थेचं नव्हे. आज त्या जागेवर बसलेला कुणी युद्ध चालू असताना सरकारच्या लाइनीपेक्षा वेगळं जाहीरपणे बोलेल का? मला तरी दिसत नाही. आपल्याकडं मोकळं बोलायचं ते युद्ध संपल्यावर. कारगिल २६ जुलै १९९९ ला संपलं, तीन दिवसांत समिती, अध्यक्ष परत सुब्रह्मण्यमच. रिपोर्ट चांगला खरमरीत होता, गुप्तचर खात्यांची लाज काढणारा, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला तेव्हा काही भाग झाकून. त्यातून मंत्रिगट, मंत्रिगटाकडून २००१ मध्ये चीफ ऑफ डिफेन्स स्टाफची शिफारस, आणि प्रत्यक्ष पहिला सीडीएस १ जानेवारी २०२० ला. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंटसुद्धा झालं 🙂

कराडकर_काका

मेघनाताई, मोठेपण त्यांचं हे मान्य. पण हक्सरांसारखा माणूस ते टिपण वाचत होता, बाजूला ठेवण्याआधी वाचत होता, हेही मोजा. आता वाचतं कोण हा माझा प्रश्न आहे.

कात्रणवाला

काकांच्या 'वाचतं कोण' वरून व्हिएतनाम आठवलं, थोडक्यात लिहितो. १९६४ पासून रँडचे लोक सायगावात एका व्हिलात ऑफिस थाटून पकडलेल्या आणि शरण आलेल्या व्हिएतकाँगच्या (अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या) मुलाखती घेत होते. प्रश्न असा की ही माणसं लढतात कशासाठी आणि खचतील कधी. लिऑन गूरे नावाच्या विश्लेषकानं त्या मुलाखतींतून निष्कर्ष काढला की बॉम्बफेकीनं त्यांचं मनोधैर्य मोडतंय, आणखी टाका. संरक्षणमंत्री मॅकनामारा खूश, व्हाइट हाउस खूश, गूरेला प्रत्येक पाहुण्यासमोर ब्रीफिंगला उभं करायचे. त्याच संस्थेत कॉनरॅड केलन नावाच्या माणसानं त्याच मुलाखती परत वाचल्या आणि म्हणाला ही माणसं हरण्या-जिंकण्याच्या भाषेतच विचार करत नाहीयेत, ती मोडणार नाहीत. केलनला वर कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये रँडच्या सहा जणांनी पेपरात पत्र छापून सैन्य परत आणा म्हणून सांगितलं, त्यात केलन होता आणि डॅनियल एल्सबर्गही होता, जो त्याच महिन्यात रात्री रात्री पेंटॅगॉन पेपर्सच्या (व्हिएतनाम युद्धाच्या गुप्त सरकारी इतिहासाच्या) झेरॉक्स काढत होता.

नाशिकचा_चहाबाज

म्हणजे कच्चा माल एकच आणि निष्कर्ष दोन, आणि वर गेला तो गोड असलेला. ऑफिसातल्या दोन्ही पार्ट्यांना हे वाचून दाखवतो. एक शेवटचं: फेब्रुवारी २०२२ मध्ये हेच सगळे म्हणत होते ना की कीव्ह दोन-तीन दिवसांत पडणार? त्याचा हिशेब कुणी कधी मागितला का?

तोफखाना_प्रेमी

मागितला, आणि मागितला घरातल्यांनीच. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएसआयएसनंच एलियट कोहेन आणि फिलिप्स ओब्रायन यांचा लांबलचक रिपोर्ट छापला, की तज्ज्ञ एवढे कसे चुकले. रशियाची कागदावरची शस्त्रं आणि सुधारणा मोजल्या, युक्रेनकडं बघितलंच नाही, सगळे एकमेकांचंच वाचत होते आणि एकमेकांनाच हवाले देत होते, असा साधारण सूर. वाचण्यासारखा आहे, नावं घेऊन झोडपलंय. यातला हा एलियट कोहेन म्हणजे ११ डिसेंबर २००६ ला जनरल कीनबरोबर ओव्हल ऑफिसात बसलेल्या पाचांतलाच एक.

बिनपगारी_संशयी

आणि झोडपलेल्यांपैकी पॅनेलवर बोलवायचं बंद झालेला एक तरी दाखवा, मी माझं मत मागे घेतो.